स्थिर, चल

कंपनीच्या फॉर्मवर ग्राहकाचे दोनच रकाने:
स्थिर. चल.

स्थिराची थाळी मी रासईला बसवली,
आनामारीच्या खानावळीच्या कौलांवर.
तीन कौलं फुटली. पैसे भरले, पावती जोडली आहे.
चलाची थाळी फेरीबोटीच्या केबिनवर,
चार बोल्ट, आणि खात्याचं परवानगीपत्र
सुंगटांच्या पिशवीत गुंडाळून,
कारण दुसरी पिशवी नव्हती.

दर सेकंदाला एक पिंग.
म्हणजे वर, साडेपाचशे किलोमीटरवर, कुणाला तरी
"आहेस का?" विचारायचं
आणि "आहे" परत येईस्तोवर मिलीसेकंद मोजायचे.
अठ्ठेचाळीस. एकावन्न. सत्तेचाळीस.
एकशे बारा.
मग काहीच नाही.

काहीच नाही, हेही लिहायचं असतं.

आकडे उलटे आले.
जो जागचा हलत नाही तो सारखा तुटतो,
जो पाण्यावर डुलतो तो लागलेला.
पुण्याहून फोन: केबल बदल. बदलली.
पुन्हा फोन: थाळी बदल. तीही बदलली.
तिसऱ्या दुपारी तापलेल्या कौलांवर उताणा पडलो
तेव्हा दिसला आनामारीचा माड.
दर पंधरा सेकंदांनी थाळी एक उपग्रह सोडून दुसरा धरते
आणि दुसरा नेमका चुडतांच्या आड जाऊन उभा.
उभा कसला!
सेकंदाला साडेसात किलोमीटर.

"पाडेली येईल पुढच्या महिन्यात,"
हुमणात सोलं टाकत ती म्हणाली,
"तोवर तुज्या उपग्रहाक सांग,
मातशें कुशीन वच."

फेरी मात्र धक्क्यावरून सुटली, खारफुटी मागे पडली,
की जुवारीच्या मध्यावर आभाळ चारी बाजूंनी मोकळं.
एकतीस मिलीसेकंद. गळती शून्य.
हे मी कुणाला बोललो नव्हतो.
पण वायफायचं नाव "चाचणी" होतं आणि पासवर्डही तोच,
आणि चौथ्या दिवसापासून माणसं
स्कूटरवर बसल्या बसल्या मध्याची वाट बघू लागली.
कुणाचा बारावीचा निकाल,
कुणाचा लिस्बनचा अडकलेला फॉर्म,
एक पोरगा नुसताच वेग मोजायचा, माझ्यासारखा,
आणि मित्रांना आकडा ओरडून सांगायचा.
पिदाद पाटी दोन पावलांत घट्ट धरून
फोन डोक्याच्या वर नेई.
पडद्यावर बाहरीन: लेकीचा खांदा, पंखा,
मग अचानक, जवळून,
आठ दिवसांचं एक नाक.

नववा दिवस. सकाळी नऊ चाळीसची फेरी.
नेहमी आठ मिनिटं. आज अकरा.
मधल्या तीन मिनिटांचा वेग: शून्य.
इंजिन चालू, पाणी चालू,
वरचा तर तोवर तेराशे किलोमीटर पुढे,
आणि आमची बोट, दोन मोटारी, अकरा स्कूटर,
एक नाक
नदीच्या मधोमध थांबलेले.
याला स्थिर म्हणायचं?

फोंडू तांडेलाला विचारलं, उशीर का.
"मातशी भरती आसली,"
दुर्भाटच्या धक्क्याकडे बघत तो म्हणाला.
तेवीस वर्षं हाच काठ, तोच काठ.
मी थट्टेने फॉर्म पुढे केला,
तुम्ही कुठल्या रकान्यात बसता?
त्याने विडी विझवली, खरंच विचार केला.
"हांव?
फेरी चलता. हांव उबो."

फरकाचं कारण लिहा, असं खाली छापलेलं आहे.
मी लिहिलं: भरती.
भरती-ओहोटीचं कोष्टक केबिनच्या दारालाच चिकटवलंय.
नऊ चाळीसला ओहोटी होती.

पुण्याला अजून कुणी ताडून पाहिलेलं नाही.
त्या तीन मिनिटांची फाइल मी वेगळी ठेवली आहे.
एकशे ऐंशी पिंग.
एकशे ऐंशी परत आले.